मुठीएवढ्या बावीस गाड्या

कंपनीत त्याला सगळे ‘कुंभार’ म्हणत. त्यात चेष्टा थोडी आणि खरेपणा जास्त होता. नवी गाडी पत्र्यात उतरण्याआधी ती मातीत घडवावी लागते, पूर्ण आकाराची, थेट दाराच्या मुठीपर्यंत. आणि हे काम करणाऱ्या सहा जणांत तो सगळ्यांत जुना. माती म्हणजे शेतातली नव्हे. तेलकट, तपकिरी, भट्टीत कोमट केली की लोण्यासारखी पसरणारी आणि गार झाली की साबणासारखी खरवडता येणारी. सकाळी आठला तो अंगात पांढरा कोट चढवायचा, लांब पोलादी पातं हातात घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या दाराच्या पोटावरून ते फिरवत राहायचा. वरून फर्मान यायचं, ‘इथे अर्धा मिलिमीटर कमी करा.’ तो करायचा. आठवड्याने दुसरं फर्मान, ‘तो अर्धा मिलिमीटर परत द्या.’ तो द्यायचा. गेली चार वर्षं तो एकाच गाडीच्या एकाच दिव्याभोवती घुटमळत होता. त्याची तक्रार नव्हती. हाताला काम होतं, घरी शिवणकाम करणारी, जिभेला धार असलेली बायको होती, आणि वर्षातला एक रविवार पूर्णपणे त्याचा स्वतःचा होता.

शहराबाहेर एक जुनी विमानपट्टी होती. विमानं कधीच तिथून उठून गेली होती; काँक्रीटच्या भेगांतून गुडघाभर गवत उगवलं होतं. थंडी सरत आली की एका रविवारी, हाताने गाड्या घडवणारी सगळी वेडी माणसं आपापली गाडी घेऊन तिथे जमायची. केसाएवढ्या बारीक ब्रशने बॉनेटवर एका श्वासात हातभर रेघ ओढणारा रंगारी यायचा. भंगारातल्या बसचं चालतं-फिरतं घर करणारे दोघे भाऊ यायचे. कुंभार सगळ्यांसमोर थांबायचा, मनापासून मान डोलवायचा. पण त्याचे पाय आपोआप पट्टीच्या पार शेवटाकडे वळायचे. तिथे मावशी बसलेली असायची.

तिला सगळं शहर मावशी म्हणायचं, त्यामुळे तिच्या भाच्यांची मोजदाद कुणाकडेच नव्हती. बुटकी, साठी ओलांडलेली, ताटलीएवढ्या रुंद पंजांची बाई. नवऱ्यामागे त्याची गाड्या ठोकण्याची शेड तिने चालवायला घेतली, आणि एके वर्षी दुधाची मोडकी गाडी दुरुस्त करता करता तिने तिचं काहीतरी भलतंच करून टाकलं. कडेने बघितलं तर शिंपला, समोरून बघितलं तर झोपेतून उठलेलं मूल. तेव्हापासून दरवर्षी एक गाडी. एकच. आणि एक दुसरीसारखी कधीच नाही. एका वर्षीची हिरवी, मागून बघितली तर अंगाची गुंडाळी करून निजलेलं मांजर. एका वर्षीची इतकी साधी, की लोक शेजारून निघून जायचे आणि दहा पावलांवर थबकून मागे वळून बघायचे. एका वर्षीची निळी, जिच्या पत्र्यावर आभाळ पडायचं तेव्हा ती जागेवर असूनही वाहतेय असं वाटायचं.

कुंभाराला कोडं पडायचं ते हेच. एखादी गोष्ट एकदा सुचते, दैव जोरावर असलं तर दोनदा सुचते. हिला दरवर्षी कशी सुचते? तो तास तास उभा राहून बघायचा, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. घरी आल्यावर बायको विचारायची, “काय म्हणाली तुमची मावशी?”

“बोललो नाही.”

“या वर्षीही? अहो, एवढ्या वर्षांत दगडाला पाझर फुटला असता.”

तो हसायचा, हात धुवायचा, आणि कंपनीतून आणलेला मातीचा उरलासुरला गोळा गरम पाण्यात मऊ करून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा. बघितलेली गाडी डोळ्यांसमोरून ओसरायच्या आत तिची मुठीएवढी प्रतिकृती करायची, हा त्याचा नेम. मग ती फळीवर जायची. फळीवर आता बावीस गाड्या होत्या. बायको त्यांच्यावरची धूळ झटकायची आणि म्हणायची, “आमच्या घरात रहदारी फार.”

तेविसाव्या वर्षी मावशीची जागा रिकामी होती.

नुसती रिकामी. काँक्रीटवर एक चौकोन, त्यात गवत, आणि गवतावर ऊन. लोक येत होते, चौकोनाकडे बघत होते, आणि तोंडाला येईल ते बोलत होते. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे गावी गेली. दोघा भावांपैकी मोठा म्हणाला, “विहीरसुद्धा कधीतरी आटतेच की हो.” हे ऐकून कुंभार माघारी वळला. दुसऱ्या कुठल्याही गाडीकडे न बघता तो घरी आला. त्या संध्याकाळी त्याने माती मऊ केली, हातात घेतली, आणि तशीच परत ठेवून दिली.

बायकोने कापडावरून कात्री उचलली. “उद्या कामावर जाऊ नका. तिच्याकडे जा.”

“काय सांगून जाऊ?”

“सांगा, वाट चुकलो. बावीस वर्षं चुकलो, आता सापडली.”

मावशीची शेड गाड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत होती. दार अर्धवट उघडं. आत छपराच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या आणि त्यांत पत्र्याची धूळ तरंगत होती. भिंतीवर हातोड्या उंचीप्रमाणे ओळीने टांगलेल्या. मधोमध चादरीखाली एक गाडी. आणि गाडीशेजारी, उपड्या बादलीवर, चहाचा पेला धरून स्वतः मावशी, अगदी ठणठणीत.

“ठोकून घ्यायचंय काही? आज बंद आहे.”

“नाही. मी… बघायला आलो.”

“काय, मी मेले का ते?” ती हसली. “काल दुपारपासून तू सातवा. बस.”

तो बसला नाही. चादरीकडे बघत राहिला. मावशीने त्याची नजर बघितली, पेला खाली ठेवला आणि एका हिसक्यात चादर ओढली. “घे. झालेली आहे. रंगासकट. आता बोल. गोड बोलायचं असेल तर दार तिकडे आहे.”

कुंभाराने गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. सुंदर होती, यात शंकाच नव्हती. राखाडी रंग, पहाटेच्या पाण्यासारखा. त्याने तळवा तिच्या खांद्यावरून फिरवला, मागे नेला, आणि हात थांबला.

“हा खांदा निळ्या गाडीचा आहे,” तो हळूच म्हणाला. “नवव्या वर्षीच्या. आणि पाठ खाली उतरते ती हिरवीची. मांजराची.”

बाहेर कुणीतरी टायर घरंगळवत नेत होतं, त्याचा आवाज जवळ आला आणि दूर गेला.

“बाकी सहा जण म्हणाले, सगळ्यांत झकास झालीये,” ती म्हणाली. “मला रंग लावून झाल्यावर कळलं. तोवर हात आपले आपण चालत होते, मी नुसती सोबतीला. तुला कसं कळलं?”

मग त्याने सांगितलं. कंपनी, माती, विमानपट्टी, फळी. आणि सांगता सांगता, बावीस वर्षं न विचारलेला प्रश्नही बाहेर पडला. “मावशी, दरवर्षी नवं कुठून येतं?”

“मला काय ठाऊक? गाडी गेली की मी तिला विसरायचे. फोटो नाही, कागद नाही. घर रिकामं असलं की पाहुणा येतो, एवढंच मला कळतं.” तिने आपल्या रुंद पंजांकडे बघितलं. “म्हातारपणी लोकांना विसरायला होतं म्हणे. माझं उलटंच झालंय. सगळं आठवायला लागलंय. पत्रा हातात घेतला की जुनी गाडी येऊन उभी राहते, सर म्हटलं तरी सरत नाही.”

त्याने चादर उचलून गाडीवर परत घातली. निघताना मावशीने त्याला थांबवलं. “तुझी ती फळी. मला दाखवशील?”

पुढच्या रविवारी दुपारी ती बसने आली, हातात कापडी पिशवी. बायकोने दार उघडलं आणि तिला आपादमस्तक न्याहाळलं. “या. बावीस वर्षं तुमचंच नाव ऐकतेय. मला वाटलं होतं सवत जरा उंच असेल.”

“मलाही वाटलं होतं, सूनबाई जरा गरीब असेल,” मावशी म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की कुंभार ओशाळून चहा ठेवायला आत गेला.

बायकोने कापड कापायचं मोठं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. त्यावर बावीस गाड्या ओळीने मांडल्या. मावशी खुर्चीत बसली, डोळे मिटले, आणि पहिली गाडी ओंजळीत घेतली. अंगठ्यांनी चाचपत म्हणाली, “दुधाची.” दुसरी घेतली. तिसरी. कुठली गाडी कुठल्या दुखण्यात केली, कुठल्या आनंदात केली, ते सांगत होती. खोलीत दुपारचं पिवळं ऊन होतं, शिवणयंत्राची सावली भिंतीवर लांबत चालली होती, आणि एका बाईचं आयुष्य एकामागून एक तिच्या ओंजळीतून जात होतं. सातव्या गाडीला ती थांबली. परत पहिली घेतली. मग भराभर सगळ्यांवरून बोटं फिरवली आणि डोळे उघडले.

“या माझ्या नाहीत.”

कुंभाराचा चेहरा पडला. “चुकलो असेन. एकदाच बघायचो ना. आठवणीने करायचो.”

“चूक माणूस वेगवेगळ्या ठिकाणी करतो. तू बावीस वेळा एकाच ठिकाणी केलीस. इकडे ये, हात दे.” तिने त्याचं बोट धरून एका गाडीच्या छतावरून फिरवलं. “माझं छत मागे येतं आणि खाली जातं. तुझं छत मागे येतं, थांबतं, जरा दम धरतं, आणि मग खाली जातं. प्रत्येकात. लागलं हाताला?”

त्याच्या हाताला लागलं. पापणी लवते तेवढंच काहीतरी, पण होतं. बावीस वर्षं त्याने ते स्वतः केलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

“हे असेच आहेत,” बायको म्हणाली. “निघतो म्हणतात आणि दारात उभे राहतात. काहीतरी विसरल्यासारखे.”

“हा थांबा माझ्याकडे कधीच नव्हता,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात हेवा होता आणि तो ती लपवत नव्हती. “ही गाडी मोठी करू या.”

“मी? मावशी, मी अर्ध्या मिलिमीटरचा माणूस.”

“मग? फरक तेवढाच तर आहे.”

रविवारमागून रविवार गेले. पहिल्याच रविवारी मावशीने राखाडी गाडीचा पत्रा कापून काढला. कुंभाराने डोळ्यांवर हात घेतला. तिने मात्र सांगाडा उघडा पडल्यावर मोकळा श्वास घेतला, जशी बाई घट्ट चपला काढून ठेवते. त्या सांगाड्यावर त्यांनी लाकडी पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवर माती चढवली. माती त्याची, पत्रा तिचा, असं ठरलं.

त्या शेडमध्ये त्याला त्याच्या कोड्याचं उत्तर मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते निराळंच. मावशी रोज सकाळी आधी एक भंगाराचा तुकडा घ्यायची आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकत बसायची. त्याचं काहीही करायचं नसायचं. वाडगा होई, पान होई, कान होई, आणि मग ती तो मागच्या दाराबाहेर फेकून द्यायची. मागे अशा टाकलेल्या तुकड्यांचा ढीग होता, माणसाच्या उंचीचा. दारं, मडगार्ड, नाकं, पोटं, न झालेल्या कितीतरी गाड्या. त्यांच्या पोकळ्यांत चिमण्यांनी घरटी केली होती आणि वारा सुटला की ढीग हलकेच किणकिणायचा. कुंभार जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचा. डोळे मिटले की त्याला वाटायचं, त्या सगळ्या गाड्या एका लांब रस्त्याने, बिनचालकाच्या, अगदी सावकाश निघून चालल्यात.

पाचव्या महिन्यात ठिणगी पडली. मातीची गाडी जवळजवळ पूर्ण झाली होती. त्या दिवशी कुंभाराचा हात असा लागला होता की संध्याकाळी त्याने मागे सरून बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मावशी आली, एक फेरी मारली, आणि बचकभर माती उचलून त्या पाठीवर थाडकन मारली.

“हे काय केलंत!”

“मांजर केलंस तू. माझंच. माझी री ओढायला तुला बोलावलं नाही मी. ते काम माझे हात एकटेच करत होते.”

“तुमच्यासारखं व्हावं असं वाटलं, त्यात काय गुन्हा झाला?”

“माझ्यासारखी एक आहे, ती पुरे झाली.”

तो कोट अडकवून निघाला. पुढच्या रविवारी गेला नाही. घरात बसून राहिला, फळीकडे पाठ करून. बायकोने दोन दिवस तोंड मिटून काढले, जे तिच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मी लग्नातला झगा कापते ना, तेव्हा आधीच्या बाईचा झगा डोळ्यांसमोर आला तर कात्री खाली ठेवते. समोर उभी असलेली बाई बघते. तिचे खांदे, तिची पाठ. तुम्ही त्या मातीसमोर उभे राहून मावशीकडेच बघत असता. माती बिचारी काय करणार?”

“मग कुणाकडे बघू?”

“बघूच नका. फळीवरच्या गाड्या करताना कुठे बघत होतात? डोळे छताला आणि तोंड उघडं. मी बघितलंय.”

तो परत गेला. मावशीने नुसती मान हलवली आणि त्याच्यापुढे कोमट मातीचं घमेलं सरकवलं. त्याने पाठीवरचं सगळं खरवडून काढलं. मग डोळे मिटले. सुरुवातीला नुसता काळोख, आणि त्यात आपलंच धडधडणं. मग हळूहळू हाताखाली काहीतरी लांबच लांब सरकायला लागलं, नदीकाठच्या वाळूसारखं, घोड्याच्या पाठीसारखं, लहानपणी बापाच्या खांद्यावर निजलेलं असताना गालाखाली हलणाऱ्या सदऱ्यासारखं. तो किती वेळ तसा होता त्याला कळलं नाही. हात मागे आला, थांबला, दम धरला, आणि खाली उतरला.

डोळे उघडले तेव्हा मावशी समोर उभी होती. तिने मातीला हात लावला नाही. “नवा पत्रा काढते,” एवढंच म्हणाली.

ते छत तिने एकाच अखंड पत्र्यात केलं. एकमेकांवर दाबलेल्या दोन लोखंडी चाकांमधून पत्रा पुढे-मागे सरकवायचा, चाकं त्याला जरा जरा ताणत जातात. दोन माणसांचं काम. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, जणू दोघं मिळून ओली चादर झटकतायत. पत्रा गरगर, सरसर करत येत-जात होता आणि प्रत्येक फेरीला त्यात उजेडाचा एक नवा तलाव साठत होता. त्या थांब्यापाशी मावशी दर वेळी चुकायची. तिचा हात घाईने खाली जायचा. “थांबा,” तो म्हणायचा. “अजून नाही. आता.” आणि गाड्या घडवणारी ती बाई चाळीस वर्षं पत्रा ठोकत आलेल्या आपल्या हातांना नव्याने थांबायला शिकवत होती. बायकोने आसनं शिवली, आणि तिच्या मते गाडीतलं खरं काम तेवढंच होतं.

रंग लागला तो ताकासारखा पांढरट, कारण दुसरा कुठलाच रंग त्या छताला मान्य होईना.

विमानपट्टीचा रविवार आला. पहाटे दाट धुकं होतं. गाडी गल्लीत उभी, आणि तेव्हा कुठे प्रश्न उभा राहिला की चालवायची कुणी.

“मला येत नाही,” मावशी म्हणाली.

“काय?”

“कधी शिकलेच नाही. दरवर्षी कुणीतरी भाचा नेऊन सोडतो.”

कुंभाराने किल्लीकडे बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले. बायकोने सुस्कारा टाकला, किल्ली घेतली आणि चालकाच्या जागी बसली. “अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर बोलायचं नाही.”

धुक्यात गाडी निघाली. पांढऱ्यात पांढरी. गल्ली संपली, बाजार संपला, घरं विरळ झाली, आणि मग काचेबाहेर काहीच उरलं नाही. मधूनच एखादं झाड यायचं, जवळ येऊन बघायचं, आणि विरघळून जायचं. इंजिनाची घरघर इतकी मऊ होती की ती आतून येतेय की धुक्यातून, कळत नव्हतं. विमानपट्टीचं वळण कधी आलं आणि कधी गेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, पण तिघांपैकी कुणी बोललं नाही. बायको सरळ चालवत राहिली. तिच्या ओठांवर हसू होतं.

कुंभार मागे बसला होता. त्याने डोकं टेकलं आणि आपण केलेल्या छताकडे आतल्या बाजूने बघत राहिला. बाहेरून ते पाठ होतं, आतून आभाळ. जिथे ते थांबत होतं तिथे त्याच्याही श्वासाला थांबावंसं वाटत होतं. पट्टीवर लोक जमले असतील, रंगारी विचारेल, ‘कुणाची?’ काय सांगायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं, आणि आत्ता ठरवायची घाईही नव्हती.

शेजारी मावशी खिडकीला टेकून बसली होती. तिला डुलकी लागलीय असं त्याला वाटलं. मग त्याने बघितलं, तिचं बोट काचेवरच्या बाष्पात हळूहळू फिरत होतं. एक रेघ वर गेली. वळली. अशा कुठल्याशा दिशेने वळली की त्याने उभ्या आयुष्यात तसं वळण बघितलं नव्हतं.

तो पटकन दुसऱ्या खिडकीकडे वळला. बघितलं तर ते वळण घरी मातीत उतरणार, हे त्याला ठाऊक होतं; मोह मोठा होता. पण त्याने तो आवरला आणि धुक्याकडे बघत राहिला. मागून मावशीचा रुंद तळवा काचेवरून एकदा फिरल्याचा ओला आवाज आला.

“सूनबाई,” मावशी म्हणाली, “हा रस्ता कुठे जातो गं?”

“माहीत नाही,” बायको म्हणाली, आणि तिने गाडीचा वेग जरासा वाढवला.